पुण्यापासून अठरा मैल
(व्याख्यानाचा मजकूर)



मराठ्यांच्या इतिहासात ज्या लढायांची नावे सर्वांच्या तोंडी आहेत, त्यांत वडगावचे नाव असते खरे. परंतु वडगावास जी प्रत्यक्ष झटापट झाली, ती फार तर दीड दिवसाची. त्या दीड दिवसात जे दिसले, ते त्याआधीच्या वीस दिवसांत ठरून गेले होते. मुंबईकर इंग्रजांची फौज पुणे घेण्यास निघाली, घाट चढून वर आली, पुण्यापासून अठरा मैलांवर येऊन थांबली आणि तेथून मागे फिरली. पुढे वडगावास तिला मराठ्यांनी गाठले, कोंडले आणि तह लिहून घेतला. ती मागे का फिरली, हा प्रश्न लढाईच्या वर्णनापेक्षा अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण त्या दिवशी तिच्यापाशी दारूगोळा होता, तोफा होत्या, आणि पोटालाही होते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगून टाकणे बरे. १७७३ च्या ऑगस्टअखेर नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. राघोबादादा गादीवर बसले. पण नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, आणि त्यांच्या पोटच्या मुलाच्या नावाने नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी कारस्थान उभे केले. हेच बारभाईंचे कारस्थान. १७७४ च्या एप्रिलात पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि राघोबादादांनी मुंबईकरांचा आश्रय केला. १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, त्याच वर्षी अडासची लढाई झाली. कलकत्तेकरांनी मुंबईकरांचे हात आखडले आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. तो तह मुंबईच्या कौन्सिलाला कधीच मानवला नाही. ठाणे आणि साष्टी (मुंबईशेजारची, आपल्या गोव्यातली नव्हे) १७७४ च्या अखेरीस हाती आली होती. ती टिकवायची आणि शक्य तर पुण्यात आपल्या ऋणातला पेशवा बसवायचा, हा गव्हर्नर हॉर्नबी आणि त्याच्या सहकाऱ्यांचा हेतू उघड होता. पुण्यात सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ येऊन राहिला, त्याचेही निमित्त त्यांस पुरले.

१७७८ साली पुण्याच्या कारभाऱ्यांतच फूट पडली. नानांचे चुलतबंधू मोरोबा फडणीस यांनी राघोबादादांना आणण्याचा घाट घातला आणि मुंबईकरांना तसे बोलावणे गेले. मात्र मुंबईची तयारी होईपर्यंत पुण्याचा रंग बदलला. महादजी शिंदे दक्षिणेत आले, नानांची बाजू सावरली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत मोरोबा कैदेत पडले. म्हणजे आमंत्रण देणारा यजमान बंदिवासात आणि पाहुणे मात्र वाटेला लागलेले, अशी ही स्वारी होती. मुंबईकरांना हे ठाऊक नव्हते असे नाही. राघोबादादांचे म्हणणे असे की, एकदा फौज घाट चढली आणि थोडासा जय दिसला की तुकोजी होळकरांसारखे सरदार आपण होऊन येऊन मिळतील. या एका भरवशावर पुढचा सारा हिशेब मांडलेला होता.

तो हिशेब पाहण्यासारखा आहे. फौज सुमारे ३,९०० माणसांची. त्यांत गोरे शिपाई सहाशेच्या आसपास, बाकी देशी पलटणी आणि तोफखान्याचे लष्कर. आणि या एवढ्याशा फौजेबरोबर दाणागोटा, तोफा, तंबू, दारूगोळा आणि अंमलदारांचे सामान वाहण्यास बैल किती, तर १९,००० हून अधिक. दर माणसामागे जवळजवळ पाच बैल. शेतकऱ्याच्या पोराला विचारले तरी तो सांगेल की बैल हे जसे ओझे वाहणारे जनावर आहे, तसेच ते रोज वैरण मागणारे तोंडही आहे. एकोणीस हजार बैलांना चारा घालायचा तर तो मुंबईहून आणता येत नाही. तो वाटेवरच्या गावांत मिळाला पाहिजे. मुंबईकरांनी माणसांचे अन्न पाठीवर घेतले होते, बैलांचे मात्र मावळच्या गंज्यांत आहे असे गृहीत धरले होते.

दुसरी उणीव सेनापतित्वाची. फौजेचा अधिपती कर्नल एगर्टन. तो प्रकृतीने जर्जर झालेला आणि या देशातील युद्धाचा त्याला अनुभव नाही. त्यातही अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती नव्हता. स्वारी चालवण्यास तिघांची एक समिती नेमली होती. कर्नाक, एगर्टन आणि पुण्यास इंग्रजांचा वकील म्हणून राहून आलेला मॉस्टिन. कर्नाक समितीचा मुख्य. कर्नाकला लष्करी मानवंदना द्यावी की नाही, यावरून या मंडळींत वाद झाले. मराठी मुलखाची माहिती असलेला त्यांच्यातला एकच माणूस मॉस्टिन. तो आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी मरण पावला.

कॅप्टन जेम्स स्टुअर्ट याच्या हाताखालील तुकडीने २५ नोव्हेंबर १७७८ रोजीच बोरघाट चढून खंडाळ्याचा माथा धरला होता. हे काम त्याने चोख केले. मुख्य फौज मात्र पनवेलीस उतरून, तोफांसाठी घाटात रस्ता करीत करीत, २३ डिसेंबरला वर येऊन पोचली. स्टुअर्टने माथा धरला तेव्हा वरच्या बाजूस मराठ्यांची म्हणण्यासारखी जमवाजमव नव्हती. खंडाळ्यापासून पुणे चाळीस मैलांच्या आसपास. जलद चालणाऱ्या फौजेला ही तीन-चार मजलांची वाट. घाटात गेलेला तो महिना पुण्याच्या कारभाऱ्यांना मिळाला, आणि त्यांनी तो वाया जाऊ दिला नाही.

माथ्यावर आल्यावर तरी वेग यावा, तोही आला नाही. बैलांचा तांडा सांभाळण्यासाठी फौजेचे दोन विभाग केले. एकाने पुढे सरकायचे, दुसऱ्याने मागून येऊन त्याची जागा घ्यायची. या रीतीने खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतची आठ मैलांची वाट तोडण्यास अकरा दिवस लागले. दिवसाला पाऊण मैलही पडत नाही. देवाची पालखी गावप्रदक्षिणेस निघाली, घरोघर ओवाळणी घेत थांबली, तरी ती याहून अधिक चालते. बैलांच्या रक्षणासाठी सावकाश चालायचे. सावकाश चालल्यामुळे चारा अधिक लागायचा. चाऱ्यासाठी लांब जावे तर मराठ्यांचे स्वार तुटून पडायचे. म्हणून आणखी जपून, आणखी सावकाश चालायचे. या फेऱ्यातून ती फौज शेवटपर्यंत सुटली नाही.

समोर भिवराव पानसे होते. पेशव्यांच्या तोफखान्याचा हा मुख्य सरदार. त्याने ठाण मांडून लढाई दिली नाही. डोंगराच्या आडोशाने तोफ डागावी, काम झाले की तोफ उचलून मागे न्यावी, रात्री छाप्याची हूल द्यावी, असा क्रम त्याने आणि त्याच्या साथीदारांनी चालवला. ३१ डिसेंबरला लेफ्टनंट कर्नल के हा अधिकारी प्राणांतिक जखमी झाला. ४ जानेवारीला कार्ल्यास तोफेचा गोळा लागून कॅप्टन स्टुअर्ट पडला. फौजेतील सर्वांत तडफदार अंमलदार तो होता, हे शत्रूनेही मानले. मावळातल्या लोकांनी त्याच्या नावाचा ‘इष्टूर’ केला आणि त्याला ‘फाकडा’ ही पदवी दिली. पेशवाईतील साडेतीन फाकड्यांमधला अर्धा म्हणून त्याला गणतात. वडगावास त्याची समाधी आहे, आणि तिला नवस बोलण्याची चाल तिकडे पडली. आपला मुलूख जिंकायला आलेल्या परक्या शिपायाला गावाने देवपण द्यावे, याचे नवल बाहेरच्यांना वाटेल. क्षेत्रपाळ, वेताळ आणि सीमेवरच्या वीरांची पूजा ज्यांच्या गावी आहे, त्यांना वाटणार नाही.

६ जानेवारीस एगर्टनने प्रकृतीमुळे सेनापतिपद सोडले आणि कॉकबर्नकडे सूत्रे आली. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोचली. तळेगाव हे सेनापती दाभाड्यांचे गाव. तेथे दाणा मिळेल, वैरण मिळेल, चार दिवस विसावा मिळेल, अशी अपेक्षा होती. पुढे मराठ्यांचा मोठा जमावही दिसत होता. तो इंग्रजी फौज चालून येताच मागे सरला. आणि गावात शिरून पाहतात तो गाव उद्ध्वस्त. हे काम इंग्रजांनी केलेले नव्हते. मराठ्यांनीच आपले गाव रिकामे करून, चारा-दाणा नेता येईल तो नेऊन आणि उरलेला जाळून ठेवला होता. त्याबरोबरच कॉकबर्न आणि कर्नाक यांना बातमी लागली की, पुढे चिंचवडचे आणि वेळ पडल्यास खुद्द पुण्याचे हेच होणार आहे.

या बातमीपाशी थोडे थांबले पाहिजे. पाठ्यपुस्तकांत हे एका ओळीत आटोपते. ‘मराठ्यांनी मुलूख बेचिराख करून शत्रूची रसद तोडली’ असे लिहिले की धडा पुढे जातो. पण कोणता मुलूख? मावळ हा भाताचा मुलूख. पौषाच्या सुमारास भात झोडून कणगीत पडलेले असते, आणि पेंढ्याच्या उडव्या खळ्याशेजारी रचलेल्या असतात. वर्षभराचे अन्न आणि गुरांची पावसाळ्यापर्यंतची बेगमी त्या वेळी घरात असते. त्यावर आग ठेवायची, ती शत्रूने नव्हे, आपल्याच सरकारच्या स्वारांनी. संक्रांतीचे ते दिवस. सुगड पूजायच्या वेळी मावळातली कुटुंबे पोरेबाळे आणि गुरे घेऊन डोंगरात गेलेली असणार. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, आणि त्यांचे किती नुकसान झाले हे पुढे झालेल्या तहात कोणी घातले नाही.

चिंचवडचे तर महत्त्वच वेगळे. मोरया गोसावींचे ते स्थान. राजे आणि पेशवे ज्या देवस्थानास मान देत, ते गाव. तेही या यादीत धरलेले होते. देवस्थानाच्या गावाला आग लावावी लागेल हे गृहीत धरणे म्हणजे काय, ते या सभेतील घराण्यांना वेगळे सांगावे लागत नाही. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास ज्या काळात गेली, त्या काळाची आठवण येथील घरोघर आहे. देऊळ पाठीमागे टाकून देव घेऊन निघायचे, आणि मागे वळून पाहायचे नाही. चिंचवडवर तो प्रसंग आला नाही. पण येऊ शकतो हे मान्य करूनच पुण्याच्या कारभाऱ्यांनी तयारी केली होती.

पुण्याची गोष्ट अशी की, या राजधानीला शहरकोट नव्हता. शनिवारवाड्याला तट होता, पण वस्ती सारी मोकळी. १७६३ मध्ये निजामाने पुणे लुटले आणि जाळले, त्याला सोळाच वर्षे झाली होती. म्हणजे पोळलेली भिंत काय असते, ते पाहिलेली माणसे शहरात हयात होती. अशा शहराने पुन्हा जळण्याची तयारी ठेवावी, आणि तीही स्वतःच्या हाताने, यात नानांचा विचार अगदी सरळ होता. शत्रू पुण्यात येऊन दादांना गादीवर बसवणार. गादी म्हणजे काय? वाडा, पेठा, सावकार, दप्तर, बाजार. यांतले काहीच उरले नाही, तर दादांनी बसायचे कशावर? पाच वर्षांचेही न झालेले सवाई माधवराव कारभाऱ्यांच्या ताब्यात सुरक्षित होते. पेशवा आपल्याकडे आहे, तर राजधानी आपल्याकडे आहे, असा तो हिशेब होता. नानांच्या राजकारणावर अनेक आक्षेप घेतले जातात, आणि त्यांतले काही खरे आहेत; पण या प्रसंगी त्यांची नजर कोठेही ढळली नाही.

मुंबईकरांचा भरवसा ज्या गोष्टीवर होता, तीही याच वेळी निकालात निघाली. दादांना येऊन मिळणारा मोठा सरदार एकही निघाला नाही. तुकोजी होळकरांच्या मनात काय होते हे सांगता येणार नाही. तेव्हाच्या लोकांना त्यांच्याविषयी संशय होता. पण त्यांचा तळ महादजींच्या शेजारी असा राखलेला होता की, मनात असते तरी त्यांना हालता येऊ नये.

आता तळेगावच्या तळावरची मसलत पाहावी. पुणे अठरा मैल, आणि फौजेपाशी शिधा अठरा दिवसांचा. फौज फारशी कमी झालेली नाही. दादा विनवीत होते की थोडे थांबा, मागे फिरू नका. समितीचा चिटणीस फार्मर आणि कॅप्टन हार्टले यांचेही मत तातडीने माघार घ्यावी असे नव्हते. निदान आधी बोलणे लावून पाहावे, असे ते म्हणत होते. कॉकबर्नला विचारले तेव्हा त्याने जे सांगितले, त्यात या स्वारीचे सारे मर्म आहे. पलटणी पुण्यास नेता येतील, असे तो म्हणाला. पण हे एकोणीस हजार बैल सांभाळता येणार नाहीत. म्हणजे ज्या जनावरांच्या जोरावर फौज इथवर आली, त्यांच्यामुळेच तिला पुढे जाता येईना. आणि बैल सोडून पुण्यास जावे, तर तेथे राख मिळणार आणि परतायला काही उरणार नाही. बैल मारता आले असते, सोडून देता आले असते, असे मागाहून लिहिणाऱ्या इंग्रज ग्रंथकारांनी पुष्कळ सुनावले आहे. अठरा मैल चालून जावे की नाही हे घरी बसून ठरवणे सोपे; तळेगावच्या राखेत उभे राहून कॉकबर्नला ते सोपे वाटले नाही.

११ जानेवारीच्या रात्री अकराच्या सुमारास माघार सुरू झाली. जड तोफा तेथल्या मोठ्या तळ्यात लोटून दिल्या. कोठीतला माल जाळला. पौषाचा वद्य पक्ष, चंद्र उशिरा उगवणारा. अंधारात मराठ्यांना चाहूल न लागता घाटाकडे निसटावे असा बेत होता. ज्या फौजेभोवती पन्नास हजारांचा जमाव असल्याचे सांगतात, तिने हजारो बैलांसह गुपचूप निघून जावे, ही कल्पनाच अजब होती. शिवाय माल जाळण्याचा उजेड किती लांबून दिसतो, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. रात्री दोनच्या सुमारास बिनीवर गोळीबार सुरू झाला, आणि पाठोपाठ सामानसुमानाची लूट. बैल उधळले, बाजारबुणगे पलटणींत घुसले, आणि फौजेचा गोंधळ उडाला.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी फौज जी सावरली, ती पिछाडीस असलेल्या कॅप्टन हार्टलेच्या तुकडीमुळे. स्टुअर्टच्या हाताखाली घाट चढलेले हे देशी शिपाई होते. मराठी घोडदळाने त्यांच्यावर पुनःपुन्हा हल्ले केले. ते रांग न मोडता मागे सरत राहिले. हे शिपाई याच किनारपट्टीवरून आणि याच मुलखातून भरती झालेले, हे विसरून चालणार नाही. १२ जानेवारीला दुपार उलटल्यावर फौज वडगावास पोचली. तळेगाव ते वडगाव अंतर केवढे? अवघे तीन-चार मैल. ते तोडण्यास रात्र आणि बहुतेक दिवस गेला, आणि साडेतीनशेंवर माणसे मेली, जखमी झाली किंवा नाहीशी झाली. त्यांत पंधरा गोरे अंमलदार.

१३ तारखेस सकाळी मराठ्यांनी तोफा पुढे आणल्या आणि गावावर मारा सुरू झाला. कॉकबर्नने निर्वाळा दिला की येथून घाटापर्यंत जाणे अशक्य. हार्टले तेव्हाही वेगळे मत देत होता. फार्मरला बोलणे लावण्यास पाठवले. नानांनी पहिली मागणी केली ती राघोबादादांना हवाली करण्याची. कर्नाक त्यालाही तयार झाला असता. पण दादांनी तेवढी वाट पाहिली नाही. त्यांनी परस्पर महादजींशी संधान बांधून स्वतःला त्यांच्या स्वाधीन केले होते. ज्याच्यासाठी ही स्वारी, तोच माणूस बोलणी पुरी होण्यापूर्वी निघून गेला. मग नानांनी तहच नव्याने करा असा आग्रह धरला, आणि इंग्रज म्हणू लागले की आम्हास तसा अधिकार नाही. येथे महादजी मध्ये पडले. होम्स नावाच्या अधिकाऱ्याला पूर्ण मुखत्यारी देऊन त्यांच्याकडे धाडण्यात आले, आणि १६ जानेवारी १७७९ रोजी वडगावचा तह झाला. साष्टी, ठाणे आणि गुजरातेत घेतलेला मुलूख परत द्यावा. बंगालहून जनरल गोडार्ड फौज घेऊन येत आहे, त्याला परत फिरवावे. भडोचचा हिस्सा महादजींना द्यावा. त्यांच्या लोकांना ४१,००० रुपये द्यावेत. आणि फार्मर व लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट हे दोघे ओलीस राहावेत. हत्यारे न टाकता फौजेला मुंबईस जाऊ दिले.

जाऊ द्यायला हवे होते की नको, यावर इतिहासकारांचा वाद आहे, आणि तो मिटण्यासारखा नाही. एक बाजू म्हणते की कोंडलेले सैन्य सोडून कागद घेतला, ही महादजींची चूक. कागद मुंबईस पोचताच फाटणार, हे त्यांना कळायला हवे होते. दुसरी म्हणते की हार्टलेच्या शिपायांनी आदल्या दिवशी काय केले ते महादजींनी पाहिले होते. आणखी एक दिवस लढून वडगाव घेतले असते तर हजारो स्वार खर्ची पडले असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र भडोच आणि ४१,००० रुपये ही कलमे तहात आहेत, ती झाकता येत नाहीत. नानांचे लक्ष साष्टीवर, महादजींचे स्वतःच्या वाढत्या प्रतिष्ठेवर. आणि वडगावच्या मैदानावरच दोघांची वाट थोडी वेगळी झाली. तीच प्रतिष्ठा पुढे मराठी राज्याच्या उपयोगी पडली, हेही नमूद केले पाहिजे. १७८४ नंतर महादजींनी द बॉयन्यकडून कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यात वडगावच्या पिछाडीचे स्मरण नसेल असे वाटत नाही. त्याच महादजींच्या पदरी पेडणे महालातील केरी गावचे जिवबादादा केरकर बक्षीगिरीपर्यंत चढले, आणि १७९५ मध्ये खर्ड्यास त्यांनी नाव मिळवले. गोमंतकाला शिंदेशाहीच्या इतिहासाविषयी जी आपुलकी वाटते, ती उगीच नव्हे.

तहाचे जे व्हायचे ते झाले. घाट उतरताच कर्नाक आणि त्याच्या सोबत्यांनी पहिले काम केले, ते गोडार्डला परत फिरण्याचे जे पत्र गेले होते ते स्थगित करण्याचे. मुंबईच्या कौन्सिलाने तहच अमान्य केला. गोडार्ड बऱ्हाणपुराहून ६ फेब्रुवारीस निघाला आणि तीनशे मैल तोडून त्याच महिन्याच्या २६ तारखेला सुरतेस पोचला. दिवसाला पंधरा मैल. दादांना महादजींनी उत्तरेस पाठवण्याची व्यवस्था केली, तर ते वाटेत नर्मदेपाशी निसटून पुन्हा गोडार्डकडे गेले. कर्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न या तिघांनाही विलायतेच्या डायरेक्टरांनी नोकरीतून काढून टाकले.

गोडार्डनेही पुण्याची वाट धरून पाहिली. १७८० च्या डिसेंबरात वसई घेऊन, १७८१ च्या फेब्रुवारीत त्याने बोरघाटाचा माथा जिंकला. दुबळा एगर्टन किंवा गोंधळलेला कॉकबर्न असा तो नव्हता. कसलेला सेनापती होता. तरी खंडाळ्याच्या पुढे तो सरकला नाही. या खेपेस मराठ्यांनी पुढची वाट सोडून मागची धरली. परशुरामभाऊ पटवर्धन कोकणात उतरले आणि पनवेलीहून घाटाकडे येणाऱ्या रसदेवर तुटून पडू लागले. वर हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर उभे होते. ज्या तुकोजींच्या भरवशावर पहिली स्वारी निघाली होती, तेच दुसऱ्या स्वारीच्या वाटेवर आडवे होते. एप्रिलच्या २० तारखेच्या सुमारास गोडार्ड घाट उतरू लागला. पनवेलीस पोचेपर्यंत त्याची ४६६ माणसे पडली किंवा जखमी झाली, त्यांत अठरा अंमलदार. पुणे त्याने दुरूनही पाहिले नाही.

अखेर १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे महादजींच्या मध्यस्थीने तह झाला. भडोच महादजींना मिळाले. इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष सोडला. त्यांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. ते कोपरगावकडे गोदाकाठी जाऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात तिकडेच वारले. साष्टी, जिच्यासाठी वडगावास एवढा आग्रह धरला होता, ती इंग्रजांकडेच राहिली.